न मागितलेली राखण

कस्तुरा ओव्हाळचा जन्म खेड तालुक्यातल्या एका वाडीतला, पण तिला आठवतं ते सगळं दापोडीपासूनचं. छप्पन्न साली तिचा बाप खंडू पिंपरीच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटला आणि बायको-पोरीला घेऊन रेल्वेच्या रुळांलगतच्या चाळीत राहायला आला. कस्तुराच्या पाठची दोन भावंडं जगली नाहीत. आई चिमाबाई खडकीच्या बाजारात भाजी घेऊन बसायची, बाप शिफ्टला, आणि पोर दाराला आतून कडी लावून पाटीवर गणितं सोडवत बसायची.

शाळेत ती हुशार होती. पण एक गोष्ट तिला फार लवकर समजली, ती म्हणजे विचारलं की नाही ऐकावं लागतं. मडक्यातलं पाणी घेऊ का म्हणून विचारलं, की बाई दुसऱ्या मुलीला ते वरून ओतायला सांगायच्या. तुझ्या घरी अभ्यासाला येऊ का म्हटलं, की मैत्रीण पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. मग कस्तुराने विचारणंच सोडून दिलं. जे करायचं ते गुपचूप करायचं, नीट करायचं आणि बाजूला व्हायचं. चाळीतल्या म्हाताऱ्या शेजारणीचं पाणी भरून ठेवायचं तेही ती दारात नसताना. म्हातारी म्हणायची, कुणी भरलं कुणास ठाऊक. कस्तुराला ते ऐकून आतून बरं वाटायचं आणि ती काही बोलायची नाही.

ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना खंडू गेला. शिफ्टवरून घरी आला, भिंतीला टेकून बसला आणि पुन्हा उठला नाही. वर्ष सरायच्या आत कस्तुरा चिंचवडच्या एका मोठ्या कंपनीत लागली. गिअर बनवणारी कंपनी. तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि त्याला चारायला कार्डं लागायची. पुठ्ठ्याच्या पातळ कार्डांना मशीनवर भोकं पाडायची, म्हणजे आत काय लिहिलंय ते कॉम्प्युटरला वाचता येतं. त्या पंचिंगच्या खोलीत दहाबारा मुली एका रांगेत बसून दिवसभर खटखट करायच्या. कस्तुरा त्यांच्यातली एक झाली. तिच्या शेजारी वासंती बसायची. दोघींचे डबे एकत्र उघडायचे.

मग कंपनीने प्रोग्रामर निवडायला परीक्षा घेतली आणि कस्तुरा त्यात पहिली आली. कागदोपत्री ही बढती होती. प्रत्यक्षात झालं असं, की पंचिंगच्या मुली तिला ‘मॅडम’ म्हणायला लागल्या आणि डब्याच्या वेळी ती आली की गप्पा थांबायला लागल्या. ऑफिसरांच्या टेबलाशी जाऊन बसायला कुणी मनाई केली नव्हती, पण ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. ती आपला डबा कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून खायची. ती खोली काचेची होती, आत कायम गारठा. मे महिन्यातही स्वेटर घालून बसावं लागे. चपला बाहेर काढायच्या, बोलायचं हळू. कस्तुराने त्या गारठ्यात आपली उमेदीची सगळी वर्षं काढली.

लग्नाचं बघून झालं होतं. दोन-तीन ठिकाणची माणसं येऊन गेली. मुलगी पुरुषांबरोबर शिफ्ट करते म्हणून एकांनी नाकारलं, दुसऱ्यांना इतकी शिकलेली नको होती. चिमाबाई म्हणायची, “म्या गेल्यावर तुजं कसं हुईल?” कस्तुरा म्हणायची, “जसं आता आहे तसं.” मग दोघी जेवायला बसायच्या.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात विजेची फार ओढाताण सुरू झाली. वीज दिवसातून केव्हाही जायची. कंपनीचा जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागे आणि तेवढ्या वेळात कॉम्प्युटरवर चाललेलं काम मधेच मरून जाई. अर्ध्यावर आलेलं काम पुन्हा पहिल्यापासून. त्याचा फटका बसायचा पंचिंगच्या मुलींना. कार्डं पुन्हा तपासून लावा, काम संपेपर्यंत थांबा. वासंतीला तान्हं मूल होतं. संध्याकाळी ती घड्याळाकडे बघत ओठ चावत बसलेली कस्तुराला काचेतून दिसायची. तिच्या ब्लाउजवर दुधाचे ओले डाग उमटलेले असायचे आणि ती पदर पुढे ओढून घ्यायची.

कस्तुराने त्या वेळी, बऱ्याच वर्षांनी, एकदा विचारून पाहिलं. मुकुंद परचुरे हे विभागाचे प्रमुख. माणूस सभ्य, कुणाला लागेल असं न बोलणारा, पण धास्तावलेला.

“सर, प्रत्येक प्रोग्रामला एक छोटासा भाग जोडला तर? काम कुठवर आलंय ते तो मधूनमधून नोंदवून ठेवील. वीज आली की तिथूनच पुढे सुरू.”

“कल्पना चांगली आहे,” परचुरे म्हणाले. “पण आपले प्रोग्राम शेकड्यांनी आहेत, ओव्हाळ. एकेकाला हात लावायचा म्हणजे वरून मंजुरी, मग पुन्हा तपासणी. आणि एखादा बिघडला तर? आहे ते चाललंय ना. राहू दे.”

राहू दे. तिला वाटलं, विचारलं हेच चुकलं.

मग तिने ते आपल्या पद्धतीने केलं. तो छोटा भाग लिहिला. प्रोग्राम शेकड्यांनी होते आणि एकेकाला जोडत बसायला तिला सवड नव्हती, म्हणून तिने त्याला आणखी एक गोष्ट शिकवली. ज्या प्रोग्रामला तो चिकटलेला असेल तो प्रोग्राम चालला, की त्याने आजूबाजूला बघायचं. दुसरा कुठला प्रोग्राम उघडा दिसला, म्हणजे अजून त्याला राखण नाही असं दिसलं, की आपलीच एक नक्कल काढून त्याला चिकटवायची. ती नक्कल पुढे तेच करील. तिने त्याचं नाव ‘राखण’ ठेवलं. शेतात पाखरं हाकायला माणूस बसतो तशी. एका दुपारी तिने ती एकाच प्रोग्रामला जोडली आणि हात काढून घेतला.

पंधरवड्यात राखण सगळीकडे पोचली. एका दुपारी वीज गेली, आली, आणि काम जिथे थांबलं होतं तिथून आपसूक पुढे चालू झालं. ऑपरेटर म्हणाला, “मशीनला अक्कल आली वाटतं.” परचुऱ्यांना वाटलं, मशीन दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनिअरने मागच्या खेपेला काहीतरी दुरुस्त केलं असावं. त्या संध्याकाळी वासंती वेळेवर उठली, पर्स खांद्याला अडकवली आणि जवळजवळ पळतच गेटकडे गेली. कस्तुराने काचेतून तिची पाठ बघितली. त्या गार खोलीत तिला पहिल्यांदाच वाटलं, की इथे आपलं कुणीतरी आहे. आपण घरी गेलो तरी ते जागं असतं. आपण काही सांगावं लागत नाही आणि ते सगळ्यांचं काम सोपं करतं. ती मनातल्या मनात त्याच्याशी बोलायलाही लागली होती, असं तिने नंतर एकदा सांगितलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. त्या काळी स्वतःचा कॉम्प्युटर घेणं छोट्या कारखान्यांना झेपण्यासारखं नव्हतं. ते मोठ्या कंपनीकडून मशीनचा वेळ भाड्याने घेत. भोसरीचे, आकुर्डीचे लोक आपापली डिस्क घेऊन यायचे. डिस्क म्हणजे एकावर एक रचलेल्या चकचकीत तबकड्या, वरून झाकण, उचलायला मूठ. लांबून बघणाऱ्याला केकचा डबाच वाटावा. ती मशीनवर चढवायची, आपलं काम उरकायचं, उतरवून परत न्यायची. त्यांचे प्रोग्राम त्यांच्या डिस्कवर.

भोसरीला क्रेनचे हूक आणि साखळ्या बनवणारा एक कारखाना होता. तिथला जयसिंग हा क्लार्क दर आठवड्याला डिस्क आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन यायचा. एक दिवस त्याची डिस्क मशीनवर असताना कस्तुराच्या लक्षात आलं, की राखण तिच्यावरही गेली आहे. तिने काही तिला तिथे जायला सांगितलं नव्हतं, पण जाऊ नको असंही सांगितलं नव्हतं. तेव्हाच ती काढता आली असती. कस्तुराने क्षणभर विचार केला आणि मनाशी म्हणाली, असू दे, त्यांचंही भलंच होईल. जयसिंग समोर बसून चहा पीत होता. त्याला ती काही बोलली नाही.

पावसाळा संपता संपता जयसिंग असाच एकदा बाकावर बसून आपला नंबर लागायची वाट बघत होता.

“आमच्या हुकानं एकाचा पाय गेला की हो मॅडम,” तो म्हणाला. “मोशीला, चाकण रस्त्यावरच्या शेडमधे. ज्योतीराम म्हणून कुणी आहे. वरनं प्लेट खाली आली.”

“हूक तुटला?”

“तुटला नाही, उघडला. पण वजन जादा लावलं असणार त्यांनीच. शेडचा मालकही तेच म्हणतोय, ज्योतीरामचीच चूक. आमचा लॉट पास होता ना, तसा कागद इथूनच तर छापून नेला.”

कस्तुराने कुठला लॉट ते विचारलं. मग तो लॉट छापला तो दिवस कुठला ते. आणि मग तिला तो दिवस आठवला. त्या दिवशी वीज गेली होती.

जयसिंगच्या कारखान्याची रीत अशी होती. प्रत्येक लॉटमधला, म्हणजे एका खेपेला घडवलेल्या मालातला, एक हूक ताणून बघायचा, तडा जातो का ते तपासायचं, आणि निकाल कार्डावर पाडायचा. कार्डावर लॉटचा नंबर नसे. नंबर डिस्कवर ओळीने लावलेले, कार्डंही त्याच ओळीने. पहिलं कार्ड पहिल्या लॉटचं, दुसरं दुसऱ्याचं. काम मधे तुटलं तर पूर्वी यादी आणि कार्डं दोन्ही पहिल्यापासून सुरू व्हायची, त्यामुळे बिघडायचं काही नाही. काम आपसूक पुढे चालायला लागल्यापासून कस्तुराच्या कंपनीत वीज गेली तर कार्डांचा गठ्ठा होता तसाच मशीनमधे राहू देत. जयसिंग मात्र आपल्या सवयीने गठ्ठा काढून पुन्हा पहिल्या कार्डापासून लावायचा. त्या दिवशीही त्याने तेच केलं. राखणीने मात्र आपलं काम चोख बजावलं होतं. तिने यादी जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू केली. पहिल्या लॉटचा निकाल मधल्याच कुठल्या लॉटला लागला, आणि तिथून शेवटपर्यंत सगळं सरकलं.

कस्तुराने जयसिंगकडून तेव्हा छापलेला कागद आणि जुनी कार्डं मागून घेतली. राखण बाजूला काढून तेच काम पहिल्यापासून चालवलं. मोशीच्या हुकाचा लॉट ‘नापास’ म्हणून छापून आला. ती कागद हातात धरून उभी राहिली. आजूबाजूला मशीनचा नेहमीचा घरघराट होता. मग दोन्ही कागद घेऊन ती परचुऱ्यांच्या केबिनमधे गेली.

परचुऱ्यांनी दोन्ही कागद बघितले. तिने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मग उठून त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

“हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणालाच नाही.”

“मग नकोच. तुम्ही वाईट हेतूने केलेलं नाही हे मला पटतंय, ओव्हाळ. पण बाहेर गेलं तर आपल्याकडे डिस्क कोण आणील? माझ्या हाताखाली पंचवीस माणसं आहेत. आधी ते काढून टाका.”

“काढतेय सर. पण एका डिस्कवरून काढलं की दुसरी चढते आणि तिच्यावरून पुन्हा येतं. मुख्य डिस्कवर आहेच. बाहेरच्यांच्या घरी किती डिस्कवर आहे ते मलाही माहीत नाही.”

परचुऱ्यांचा चेहरा थोडा उजळला.

“तुम्हीच तसं दुसरं एक लिहा ना. तसंच पसरणारं. पण ते, राखण दिसेल तिथे, तिला पुसून टाकील आणि शेवटी स्वतःलाही पुसेल. कुणाला सांगायला नको, कुणाच्या डिस्का मागवायला नकोत. डिस्का आपसूक येतील तशा साफ होतील.”

ते खरंच करता आलं असतं. कस्तुराने घरी येऊन ते लिहायला सुरुवातही केली. चिमाबाई समोर मेथी निवडत होती. अर्धं पान झाल्यावर कस्तुराचा हात थांबला. आपल्या कंपनीचे प्रोग्राम तिला ठाऊक होते. बाकीच्यांचे नव्हते. त्यांनी राखणीवर विसंबून आता कुठे काय बदललं असेल, हे नवं त्यांच्या कुठल्या चांगल्या भागालाच राखण समजून पुसून टाकील, तिला काय माहीत? पहिल्या वेळीही तिला खात्रीच होती.

“काय झालं गं?” चिमाबाईने विचारलं.

“आई, न विचारता कुणाच्या घरात शिरून भांडी घासून ठेवली तर?”

“कुनाच्या?”

“कुणाच्याही.”

“घासू दे की. पर आपली परात हुती तिथं घावली न्हाई तर म्या बोंबलनारच.” चिमाबाई हसली आणि पुन्हा मेथीला लागली. कस्तुराने कागद घडी घालून चुलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी ती परचुऱ्यांना म्हणाली, “सर, ते मी लिहिणार नाही. प्रत्येकाकडे जाऊन सांगीन आणि ते म्हणतील तर त्यांच्यासमोर काढीन.”

“आणि कंपनी?”

“कंपनीला मी सांगितलंच नव्हतं. ते माझ्यावर टाका.”

रविवारी ती मोशीला गेली. बस थांबते तिथून कांद्याच्या शेतांमधून आत चालत जावं लागायचं. ज्योतीरामचं घर एका बाजूला होतं. तो ओट्यावर पाय पसरून बसलेला, डावा पाय घोट्याच्या वर संपलेला, फडकं गुंडाळलेलं. तरणा माणूस, तिच्याच वयाचा. बायको आतून पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

कस्तुराने सांगायला सुरुवात केली. कॉम्प्युटर, डिस्क, वीज गेली की काय होतं. ती सांगत होती आणि तिला दिसत होतं, की त्यातलं काही पोचत नाहीये. ज्योतीरामने मधेच हात वर केला.

“बाई, तुमी कुनाकडून आला? मालकाकडून?”

“नाही. मी माझी आले. हूक खराब होता. आमच्या मशीनने तो चांगला म्हणून छापला, तो मी केलेल्या एका गोष्टीमुळे. तुम्ही वजन जास्त लावलं नव्हतं.”

“त्ये तर मला ठावं हाय,” तो म्हणाला. “म्या पयल्या दिवसापास्नं सांगतोय. कोन ऐकतंय?”

“मी सांगीन त्यांना.”

“तुमी केलंत म्हनता. का केलंत?”

“लोकांचं काम हलकं व्हावं म्हणून.”

“कुनी सांगितलं व्हतं?”

“कुणी नाही.”

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तोंड फिरवलं आणि शेताकडे बघत म्हणाला, “मालकाला सांगा. मला सांगून काय उपेग न्हाई.” बायको दारातून म्हणाली, “च्या ठिवू का?” त्यावर तो काही बोलला नाही, म्हणून चहा झाला नाही. कस्तुरा उठली. तिने पाण्याचा तांब्या रिकामा करून उंबऱ्याशी ठेवला आणि बसच्या रस्त्याला लागली.

मोशीच्या शेडच्या मालकाला तिने सांगितलं. भोसरीच्या हुकाच्या कारखान्यात सांगितलं. चौकशीला आलेल्या सरकारी साहेबापुढे उभी राहून सगळं पहिल्यापासून सांगितलं, दोन्ही कागद दाखवले. साहेबाला निम्मं कळलं असेल, पण ज्योतीरामची चूक नव्हती एवढं कळलं आणि तेवढं पुरे होतं. त्या लॉटचे आणि त्या दिवशी सरकलेल्या बाकीच्या लॉटचे उरलेले हूक परत मागवले गेले. ज्योतीरामला शेडमधे बसून करायचं काम मिळालं, स्टोअरमधे. हे तिला जयसिंगने सांगितलं, आणि तेही तोंड दुसरीकडे करून, कारण कारखान्यात त्यालाही बोलणी बसली होती.

कंपनीने तिला राजीनामा द्यायला सांगितलं. काही गाजावाजा केला नाही. तिने एकच मागणं मागितलं, सगळ्या डिस्का एका दिवशी एकत्र आणून साफ करू द्या. परचुऱ्यांनी ते वरून मंजूर करून आणलं. त्या माणसाने त्या काळात तिच्यासाठी जेवढं करता येईल तेवढं केलं. मशीनवरचं बाकी सगळं काम बंद ठेवून, एकेका कारखान्याचा माणूस समोर बसवून, विचारून तिने एकेक डिस्क तपासली. काहींनी तिच्याशी बोलायचं टाळलं. एकजण म्हणाला, “आता ह्यात नवीन काय सोडत नाही ना, बाई?” ती म्हणाली, “तुम्ही बघत बसा.” तो खरंच खुर्ची ओढून बघत बसला, काही कळत नसताना.

राखण गेली आणि वीज गेली की काम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लागलं. शेवटच्या दिवशी ती पंचिंगच्या खोलीत गेली. वासंती मशीन थांबवून उठली.

“मधे काही महिने मी वेळेवर घरी जात होते,” वासंती म्हणाली, “ते तुझं होतं?”

“हो.”

“मला बोलली का नाहीस?” वासंतीचे डोळे भरले होते, पण आवाजात रागही होता. “मी तुला डब्याला बोलावलं असतं.”

वासंतीला त्या दिवशीही उशीर होणार होता. सुपरवायझरने हाक मारली तशी ती पुन्हा मशीनवर बसली.

पुढे कस्तुरा खडकीच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली. कॉम्प्युटरच्या जवळ पुन्हा जायचा प्रसंग आला तो ब्याऐंशी सालच्या हिवाळ्यात.

आकुर्डीला उद्धवराव नावाचे एक गृहस्थ पंप बनवत. त्यांनी ही भानगड निघायच्या आधीच मशीनचा वेळ घेणं बंद करून त्याच जातीचं एक जुनं मशीन विकत घेतलं होतं आणि आपली डिस्क घेऊन गेले होते. साफसफाईच्या दिवशी त्यांना निरोप गेला होता, ते आले नाहीत. कस्तुराने दोनदा फोन करून बघितला, मग एक दिवस शाळा सुटल्यावर स्वतःच गेली.

उद्धवरावांनी तिला आदराने बसवलं, चहा मागवला. तिने सगळं सांगितलं, मोशीच्या माणसाचा पायसुद्धा. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं.

“म्हणजे आमचं मशीन वीज गेल्यावर जे पुन्हा सुरू होतं ते तुमचं?”

“हो.”

“फार उत्तम चालतंय हो ते. आमची पोरं खूश आहेत.”

“तुमच्या कुठल्या प्रोग्रामात ते चुकीचं जाईल हे मला सांगता येत नाही. मला तुमचे प्रोग्राम माहीत नाहीत. तेव्हाही माहीत नव्हते. एक दुपार द्या, मी काढून देते.”

“आणि मग वीज गेली की पहिल्यापासून?”

“हो.”

उद्धवराव हसले. कुचेष्टेने हसले नाहीत. “बाई, चांगलं चाललेलं मोडायला कशाला सांगता? आम्ही हूक करत नाही, पंप करतो. काही घोटाळा दिसला तर तुम्हाला बोलावतो, बस?”

भिंतीपलीकडे मशीनचा आवाज येत होता. तिला तो ओळखू आला. पाच मिनिटं एकटीला आत सोडलं असतं तर तिने ते काढून टाकलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. ऑपरेटर चहाला बाहेर गेला होता. काचेचं दार नुसतंच लोटलेलं होतं.

“कार्डं पुन्हा पहिल्यापासून लावत जाऊ नका,” ती म्हणाली. “काम जिथे थांबलं तिथूनच लावा. ऑपरेटर बदलला तर त्यालाही सांगा. एवढं तरी कराल?”

“सांगतो की.”

“मी पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन विचारीन.”

“या ना,” उद्धवराव म्हणाले. “विचारायला काय, केव्हाही या.”

ती पुढच्या महिन्यात गेली, त्याच्या पुढच्याही. दर वेळी चहा झाला, दर वेळी ते नको म्हणाले. तिसऱ्या खेपेनंतर ते भेटेनासे झाले, गेटवरचाच माणूस निरोप सांगायचा. तरी शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली, की कधीकधी ती आकुर्डीची बस पकडायची. चिमाबाई विचारायची, कुठं गेली व्हतीस. ती म्हणायची, “एकांकडे काम होतं.”

“झालं का?”

“नाही अजून,” कस्तुरा म्हणायची, आणि पाय धुवायला मोरीकडे जायची.